आवाजाची वाट

येऊरच्या नाक्यावर सकाळी साडेसहाला
थंडीनं सगळ्यांचे खांदे कानांपर्यंत चढलेले.
फळीवर खडूनं चार वाटा लिहिलेल्या :
पाखरांची, फुलपाखरांची, सालींची
आणि आवाजाची.
पाखरांची भरली होती.
सालींची मला चालली असती,
पण नावं घेणाऱ्या पोरानं काहीतरी विचारलं
आणि मी सवयीनं मान हलवली.
त्यानं मनगटाला पिवळी फीत बांधली.

शालन फुलपाखरांकडे गेली, निळ्या फितीत.
जाताना वळून काहीतरी म्हणाली.
तिलाही मी मान हलवली.

एकतीस वर्षं वागळे इस्टेटीत
दोनशे टनी प्रेसपाशी उभा होतो.
कानात घालायला कंपनी कापूस द्यायची,
तो आम्ही दिवाळीच्या वातींसाठी घरी न्यायचो.

पिवळ्या फितीचे आम्ही अकरा.
कळव्याच्या दोन शिक्षिका,
कोलशेतच्या टॉवरमधलं नवं जोडपं,
दोघांची टोपी एकाच लोकरीची,
आठ-नऊ वर्षांची कैरवी, दात पडलेली,
आणि पुढे पाटोणपाड्याची जानकी वरठा,
स्वेटरवर पंचा, पायात प्लास्टिकच्या चपला.
ती फार बोलत नव्हती.
त्यामुळे आमचं लगेच जमलं.

सागाची पानं पायाखाली पापडासारखी मोडत होती.
मोडताना मला दिसत होती.
ओढ्याचं पाणी हडकलेलं, दगडावर दगड,
पलीकडे पांढरा कांडोळ,
अंगावर कपडाच न घेतलेल्या माणसासारखा
धुक्यात उभा.

मग खेळ सुरू झाला.
डोळे मिटायचे, एक आवाज, एक बोट.
मी पापण्या किलकिल्या ठेवल्या.
बोटं उठत होती भुईतून अळंबी यावीत तशी,
शिक्षिकांची पाच, टोपीवाल्यांची चार,
कैरवीचा एक हात संपून दुसरा सुरू झालेला.
माझी मूठ.
मग मीही दोन बोटं वर केली,
शेजाऱ्याची पाटी बघून उत्तर लिहावं तशी.

जानकीनं ते पाहिलं.
बोलली नाही. बाही धरून मला
एका वाळक्या, उभ्यानं मेलेल्या सागापाशी नेलं.
आधी स्वतःचा तळवा लावला.
मग माझ्याकडे बघितलं.

आधी नुसता गारवा आला.
मग काहीच नाही.
मग
टकटक म्हणणार नाही, तो कानाचा शब्द.
हाताला आले ते सात-आठ बारीक झटके,
एकाला एक चिकटून.
थांबणं.
पुन्हा सात-आठ.
प्रेसचं बेअरिंग जायला आलं की
असाच तळवा लावून मी सांगायचो,
साहेब मीटर घेऊन जिना उतरायच्या आत.

"वर आहे," मी म्हणालो.
मोठ्यानं म्हणालो असणार,
कारण सगळ्यांचे डोळे उघडले.
"डाव्या अंगाला. मोडक्या फांदीच्या वर.
तिथं लाकूड पोकळ आहे."
दुर्बिणी उठल्या.
आणि होताच तिथं सुतार, लाल शेंडीचा,
कुणाकडे न बघता
ओव्हरटाइम करत.

मग प्रत्येकाला हात लावायचा होता.
रांग लागली, धक्काबुक्की झाली, पक्षी गेला.
कैरवी शेवटची.
ती तरीही तळवा टेकून उभी.
माझ्याकडे तोंड करून, सावकाश, म्हणाली,
"काहीच येत नाहीये."
मी म्हटलं, "सुट्टी झाली त्याची."
पडलेल्या दातांच्या फटीतून ती हसली.
हसणं मला अजून नीट कळतं.

नऊला नाक्यावर उन्हं आली.
फिती परत दिल्या.
कठड्यावर जागा थोडी, म्हणून
शालन नि मी पाठीला पाठ लावून बसलो,
मधे डब्यातलं थालीपीठ.
ती बोलत होती.
फुलपाखरांची नावं असावीत, किंवा निळ्या फितीतली माणसं.
दोन स्वेटरांतून तिचा आवाज
माझ्या पाठीच्या पात्यांत उतरत होता,
एकसारखा, खालच्या पट्टीत,
तेल घातलेल्या यंत्रासारखा.
इतकी वर्षं मी तिच्या तोंडाकडेच बघत होतो.

मग तो थांबला.
थांबला म्हणजे काहीतरी विचारलं असणार.

मान हलणारच होती माझी.
तिच्या पाठीला ते कळलं असतं.

"काय म्हणालीस?"